सदतीस विरुद्ध चौदा: सोसायटीच्या बहुमतावर किती विसंबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीतली सिडकोच्या काळातली, चाळिशी गाठलेली सोसायटी, ८४ सदनिका. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-२ए वर्गात निघाली, म्हणजे घरं रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे 'ऑडिटरचं आणि बिल्डरचं साटंलोटं आहे' हाच मेसेज फिरत होता. सर्वसाधारण सभेला ५१ सभासद आले. चेअरमन पहिले बोलले आणि अर्धा तास बोलले. मग हात वर करून मतदान झालं आणि 'इमारत मजबूत आहे, गिलावा आणि रंगकाम पुरेसं आहे' हा ठराव ३७ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. प्रश्न विचारणारे कमिटी सदस्य त्या चौदांपैकी एक. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: एवढी सदतीस माणसं एकाच वेळी चुकू शकतात का, आणि चुकली असतील तर पुढे काय करायचं.

स्ट्रक्चरल ऑडिट आणि त्यानंतरच्या सभा हे माझं रोजचं काम आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपासून नेरूळ-कोपरखैरण्यापर्यंत अशा मतदानांना मी अनेक वर्षं हजर राहिलो आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, सहज चुकू शकतात' असं आहे. पण त्यावरून 'बहुमताला काही अर्थ नसतो' असा निष्कर्ष काढू नका. बहुमत कधी कमालीचं भरवशाचं असतं आणि कधी अगदीच बेभरवशाचं. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. तो आकडा कसा तयार झाला हे पाहावं लागतं.

आधी गणित पाहू, कारण ते बहुमताच्या बाजूने बोलतं. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली दाखवून दिलं की हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नावर प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी जास्त असेल, तर माणसं वाढतील तसं बहुमत बरोबर निघण्याची शक्यता झपाट्याने वाढते. प्रत्येकाची शक्यता ६० टक्के धरा. तिघांचं बहुमत सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर येतं, अकरा जणांचं ७५ टक्के वेळा आणि तुमच्या सभेएवढ्या ५१ जणांचं जवळजवळ ९३ टक्के वेळा. एकेकटा माणूस जेमतेम असला तरी सभा हुशार ठरते, ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे.

पण हेच गणित उलटंही चालतं. प्रत्येकाची शक्यता ६० ऐवजी ४० टक्के असेल, तर त्याच ५१ जणांचं बहुमत बरोबर निघण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास येते. जितकी गर्दी जास्त तितकी चूक पक्की. शिवाय हे सगळं गणित प्रत्येकाने आपलं मत स्वतंत्रपणे बनवलं आहे, असं धरून मांडलेलं आहे. तुमच्या सभेत या दोन्ही अटी मोडल्या, असं मला तुमच्या वर्णनावरून दिसतं.

पहिली अट घ्या. 'इमारत मजबूत आहे का' या प्रश्नावर तिथे राहणाऱ्या माणसाचा अंदाज निम्म्याहून बरा असतो का? माझ्या अनुभवात नसतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर आतली सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि ती अल्कता घटवतो. वाशीला खाडीची खारी हवा आहे, तिच्यात क्लोराइड असतं आणि तेही सळई गंजवतं. बाथरूमच्या गळतीचं पाणी त्याला हातभार लावतं. सळई गंजली की तो गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटायला लागतं. हे सगळं गिलाव्याच्या आड चालतं. वरून रंग मारलेला असतो, पोपडे दर दोन-तीन वर्षांनी खरवडून पॅच मारलेला असतो. म्हणजे डोळे सगळ्यांना एकाच दिशेने फसवतात. पाच जणांचा अंदाज एका बाजूला चुकला आणि पाच जणांचा दुसऱ्या बाजूला, तर चुका एकमेकांना खोडून काढतात. सगळ्यांनाच एकसारखा खोटा दिलासा मिळाला, तर कितीही मतं मोजा, तो दिलासाच मोजला जातो.

आता याच ५१ जणांना विचारा की पाणी कोणत्या विंगला कमी दाबाने येतं, रात्रपाळीचा वॉचमन झोपतो का, लिफ्टवाल्याचं काँट्रॅक्ट चालू ठेवावं का. इथे प्रत्येकाकडे स्वतःचा रोजचा अनुभव आहे आणि तो वेगवेगळा आहे. अशा प्रश्नावरचं ३७ विरुद्ध १४ मी डोळे मिटून मान्य करीन.

ऑडिटच्या बाबतीत सभासदांचा अंदाज सुधारता येतो, हे मात्र आवर्जून सांगतो. अहवालाची ऐंशी पानं ग्रुपवर टाकून काही होत नाही. कॉलममधून काढलेला काँक्रीटचा कोअर सभेत आणायला लावा, मनगटाएवढा जाड दंडगोल असतो तो. त्याच्या नुकत्याच फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला की जिथे काँक्रीटची अल्कता शाबूत आहे तिथे ते क्षणात गडद गुलाबी होतं आणि जिथे ती गेली आहे तिथे राखाडीच राहतं. बाहेरून किती खोलवर ते राखाडी राहिलं ते पट्टीने मोजायचं. सळई त्या राखाडी भागात आहे की गुलाबी भागात, हे शाळकरी मुलालाही दिसतं. ज्या सभासदांनी अहवालाचं एकही पान उलटलेलं नसतं ते त्या तुकड्याभोवती गोळा होतात आणि नेमके प्रश्न विचारतात: हा कोणत्या कॉलमचा? किती कॉलम असे आहेत? बाकीच्यांचे कोअर का नाही काढले? हे प्रश्न सुरू झाले की त्या सभेच्या मतदानाला वजन येतं.

आता दुसरी अट, स्वतंत्र मताची. तिच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या सभांचं खरं दुखणं तिथे आहे.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली प्लिमथच्या पशुप्रदर्शनातली एक हकीकत प्रसिद्ध केली. कापल्यानंतर बैलाचं वजन किती भरेल हे ओळखायची स्पर्धा होती, तिकीट सहा पेन्स. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला आकडा १२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड भरलं. चूक एका टक्क्याच्याही आत. ही गोष्ट 'गर्दी शहाणी असते' म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातले तीन तपशील सुटतात. स्पर्धकांत खाटीक आणि शेतकरी बरेच होते. पैसे मोजलेले असल्यामुळे कोणी थट्टेवारी आकडा लिहीत नव्हतं. आणि प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून दिला होता, शेजाऱ्याचा ऐकून हात वर केला नव्हता.

यातली शेवटची गोष्ट काढून घेतली तर काय होतं हे झुरिकमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. विद्यार्थ्यांना आकड्यांचे अंदाज विचारले आणि मग इतरांचे अंदाज दाखवून पुन्हा विचारले. अंदाज एकमेकांच्या जवळ आले, पण सत्याच्या जवळ गेले नाहीत. वाढला तो फक्त आत्मविश्वास. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे नेमकं हेच झालं. सभेला येण्याआधीच सगळ्यांची मतं एकमेकांसारखी झाली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण स्वतः विचार करून या मताला आलो आहोत.

मग चेअरमन अर्धा तास बोलले. ज्या माणसाने पंधरा वर्षं पदरमोड करून सोसायटीची कामं केली, ज्याने तुमच्या आईच्या आजारपणात रात्री गाडी काढली, त्याच्या विरोधात सगळ्यांदेखत हात वर करणं सोपं नाही. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग याच दडपणावर आहेत. समोर काही रेघा, त्यातली कोणती दिलेल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. एकट्याला विचारलं तर जवळजवळ कोणीच चुकत नाही. पण खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलेलं असतं आणि ते एकापाठोपाठ एक चुकीचं उत्तर देतात. मग ज्याला पढवलेलं नाही तो माणूसही साधारण एक तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर देतो, आणि चारपैकी तीन माणसं निदान एकदा तरी घसरतात. तिथे मैत्री नव्हती, उपकार नव्हते, पार्किंगचा वाद नव्हता, फक्त अनोळखी माणसं आणि रेघा होत्या. त्याच प्रयोगांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. खोलीत एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तर दडपण एकदम उतरतं, आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायचं असेल तरीही उतरतं. तुमच्या चौदा हातांची किंमत यावरून लक्षात घ्या. आणि चिठ्ठी-मतदानाचा आग्रह मी का धरतो, तेही.

आता पुन्हा गणिताकडे या. सदतीस हात वर आले, पण त्यांच्यामागे स्वतंत्रपणे विचार केलेली डोकी किती होती? बाकीच्यांनी त्यांच्यामागे हात वर केले असतील आणि खऱ्या अर्थाने स्वतंत्र मतं सभेत पाचच असतील, तर ६० टक्क्यांच्या हिशेबाने बहुमत बरोबर असण्याची शक्यता ९३ वरून ६८ टक्क्यांवर येते. तेही प्रत्येक डोकं निम्म्याहून बरं आहे असं धरून.

मराठी वाचकाला नानावटी खटला माहीत असतोच: नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने 'निर्दोष' असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो स्वीकारता आला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने १९६० साली नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती कायम केली. आठ विरुद्ध एक हे प्रमाण तुमच्या ठरावापेक्षा कितीतरी भरभक्कम आहे. पण त्या दिवसांत एक साप्ताहिक उघडपणे आरोपीच्या बाजूने लिहीत होतं आणि शहरभर त्याचीच चर्चा होती. अशा हवेत बसलेल्या नऊ माणसांची मतं नऊ वेगळी मतं म्हणून मोजायची की नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

म्हणूनच मला 'एकमताने मंजूर' हा शेरा वाचला की समाधान कमी आणि काळजी जास्त वाटते. प्राचीन ज्यू न्यायसभेचा एक नियम तालमुदमध्ये नोंदलेला आहे: सगळ्याच न्यायाधीशांनी एकमुखाने दोषी ठरवलं तर आरोपीला सोडून द्यायचं. एकही शंका कोणालाच आली नाही याचा अर्थ बाजू नीट तपासलीच गेली नाही, असं त्यांनी मानलं.

याचा अर्थ चर्चा नकोच, असा नाही. चर्चेशिवाय तळमजल्यावरच्या सभासदाला माहीत असलेलं पंपरूमच्या बीमचं दुखणं चौथ्या मजल्यावर कधीच कळणार नाही. अडचण अशी की मोठ्या चर्चेत लोक सगळ्यांना आधीच माहीत असलेलं तेवढंच पुन्हा पुन्हा बोलतात आणि एकालाच ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या तोंडातच राहते. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली हे प्रयोगाने दाखवलं, आणि मी ते सभांमध्ये पाहत आलो आहे. त्यावर तोडगा छोट्या गटांचा. अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सला पाच हजारांहून जास्त प्रेक्षकांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच-पाच जणांनी आधी आपापला आकडा लिहिला, मग चर्चा करून एक आकडा ठरवला. अशा मोजक्या गटांच्या आकड्यांची सरासरी सगळ्या गर्दीच्या सरासरीपेक्षा अचूक निघाली. आपल्याकडे हे करणं अवघड नाही: सभेआधी मजल्यावारी किंवा विंगवारी पाच-सहा जणांनी एखाद्याच्या हॉलमध्ये बसायचं, अहवालातल्या शंका कागदावर लिहायच्या आणि ऑडिटरकडे द्यायच्या.

आता कायद्याचा मुद्दा, कारण तुमचे सेक्रेटरी 'बहुमत म्हणजे बहुमत' म्हणतात आणि एका अर्थाने त्यांचं बरोबर आहे. ८४ घरांचा कारभार कुठेतरी थांबवावा लागतो. पुनर्विकासासाठी सहकार विभागाच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्याआधी हे प्रमाण जास्त होतं. न्यायालयांनीही अल्पमतातल्या मूठभरांना अख्खी इमारत अडवू दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे. पण हे सगळे नियम वाद कुठे संपवायचा ते ठरवतात. टक्का बदलल्यामुळे एकाही कॉलममधली सळई बरी किंवा वाईट झाली नाही. ठराव पाळायचा आणि तो खरा मानायचा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या ठरावात त्या एकत्र गुंफल्या गेल्या.

ठरावाचं वाक्य पुन्हा वाचा: 'इमारत मजबूत आहे, गिलावा आणि रंगकाम पुरेसं आहे.' पहिला अर्धा भाग वस्तुस्थितीचा आहे. तो मताला टाकायचाच नसतो, तो तपासायचा असतो. दुसरा अर्धा भाग निवडीचा आहे आणि तो पूर्णपणे सभासदांच्या हक्कातला आहे. दोन्ही एका वाक्यात आल्यावर माणूस ज्या प्रश्नाची त्याला धास्ती आहे त्याचं उत्तर देतो. मला खात्री वाटते की त्या सदतीसांपैकी बरेच जण 'इमारत मजबूत आहे का' याचं उत्तर देत नव्हते. 'या वयात मला घर सोडून भाड्याच्या जागेत जायचं आहे का', 'माझ्याकडे दुरुस्तीच्या वर्गणीचे पैसे आहेत का', 'एकदा बाहेर पडलो तर परत येऊ ना' याचं उत्तर ते देत होते. ती भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. पण तिची मोजदाद कॉलमच्या ताकदीच्या रकान्यात करून चालणार नाही.

प्रश्न कसा मांडला यावर निकाल कसा फिरतो याचं एक उदाहरण देतो, कारण पुढच्या टप्प्यावर तुम्हाला ते लागेल. समजा ६० जण मत देतात आणि पर्याय तीन: दुरुस्ती, बिल्डरकडून पुनर्विकास, स्वयंपुनर्विकास. दुरुस्तीला २४, बिल्डरला १९, स्वयंपुनर्विकासाला १७. 'दुरुस्ती जिंकली' अशी नोंद होते. प्रत्यक्षात ३६ जणांना इमारत नव्याने बांधायची होती, फक्त कोणी बांधायची यावर ते विभागले गेले. आणि दोन-दोन पर्याय समोरासमोर ठेवले तरी सुटका होतेच असं नाही. वयस्कर मंडळींची पसंती दुरुस्ती, नाहीतर बिल्डर, शेवटी स्वयंपुनर्विकास. ज्यांना व्याप नको पण जागा मोठी हवी त्यांची बिल्डर, मग स्वयंपुनर्विकास, मग दुरुस्ती. बिल्डरवर विश्वास नसलेल्यांची स्वयंपुनर्विकास, मग दुरुस्ती, शेवटी बिल्डर. तिन्ही गट वीस-वीसचे असतील तर दुरुस्ती बिल्डरला ४० विरुद्ध २० ने हरवते, बिल्डर स्वयंपुनर्विकासाला तेवढ्याच मतांनी आणि स्वयंपुनर्विकास दुरुस्तीला. हे चक्रही कोंदोर्सेनेच दाखवलेलं आहे. अशा वेळी कोणता ठराव आधी मांडायचा हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्या हातात. म्हणून क्रम आधी लेखी जाहीर करायला लावा, किंवा सभासदांकडून पहिली-दुसरी-तिसरी पसंती लिहून घ्या.

तज्ज्ञांच्या बहुमतालाही हीच कसोटी लावा. साटंलोट्याचा संशय ग्रुपवर आला, तो झिडकारू नका; असं घडत नाही असं मी म्हणणार नाही. महापालिकेच्या पॅनेलवरचा दुसरा ऑडिटर नेमा, पण त्याला पहिला अहवाल दाखवू नका. कोअर कुठून काढायचे हे त्यालाच ठरवू द्या. पहिला अहवाल हातात घेऊन आलेला दुसरा ऑडिटर बहुतेक वेळा पहिल्याच्याच मताला दुजोरा देतो, आणि सोसायटी पैसे दोन मतांचे देते पण तिला मत एकच मिळतं. दोघेही आपापल्या वाटेने सी-२ए वर पोचले, तर ती दोन मतं तुमच्या सदतीसांपेक्षा जड आहेत.

शेवटी तुम्ही स्वतः काय करायचं ते. आधी सभेचं इतिवृत्त पाहा. त्यात 'बहुमताने मंजूर' एवढंच असेल तर चौदा जणांचा विरोध कारणांसह नोंदवण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. आणीबाणीच्या काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने असं ठरवलं की स्थानबद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी उलट मत दिलं होतं. विरोधातलं ते एक मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं होतं. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो बहुमताचा निकाल रद्द ठरवला तेव्हा खन्नांचं मत शब्दन् शब्द उपलब्ध होतं, कारण न्यायालयात अल्पमतही छापलं जातं. सोसायटीच्या वहीत ते तुम्ही आग्रह धरल्याशिवाय उतरत नाही.

अहवालात ज्या कॉलमची नावं आहेत त्यांना टेकू देण्यासाठी कुठल्याही मतदानाची वाट पाहू नका. ऑडिटरकडून तसं पत्र घ्या, कमिटीत ठेवा, आणि कमिटी हलली नाही तर तेच पत्र महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या. नंतर विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करा. सहकार कायद्यानुसार एक पंचमांश सभासदांनी अशी मागणी केली तर महिन्याच्या आत सभा बोलवावीच लागते. ८४चा एक पंचमांश म्हणजे १७. तुम्ही चौदा आहात. सभेला न आलेल्या ३३ जणांकडून आणखी तीन सह्या मिळवा. अर्जात विषय तीनच लिहा: दुसऱ्या ऑडिटरची नेमणूक, घरं रिकामी करण्याच्या काळातलं भाडं आणि वर्गणीचे हप्ते यांचा लेखी आराखडा, आणि पुढचं मतदान बंद चिठ्ठीने. चेअरमनना आधी घरी जाऊन भेटा आणि त्या सभेत त्यांनी सगळ्यात शेवटी बोलावं अशी विनंती करा.